एंटरप्राइज १/३५० : आधी दिवे की आधी रंग?

शिसपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, शाळेत चित्रकला शिकवते. एअरब्रश हातातला आहे, प्लास्टिकची विमानंही बरीच केली आहेत, पण दिवे लावलेलं मॉडेल अजून केलेलं नाही. भाच्याने अमेरिकेहून येताना पोलर लाइट्स कंपनीचा, 'स्टार ट्रेक'मधल्या एंटरप्राइज या अवकाशयानाचा १/३५० प्रमाणातला किट आणला. १९६०च्या दशकातल्या मालिकेतली जुनी एंटरप्राइज नव्हे, १९७९च्या पहिल्या चित्रपटासाठी नव्याने घडवलेली, चपट्या नॅसेलची, म्हणजे मागच्या दोन लांब इंजिनांची. पूर्ण झाल्यावर साधारण ८७ सेंटिमीटर भरेल. नुसती पुढची गोल तबकडीच ४० सेंटिमीटरच्या आसपास आहे. खिडक्या, डिफ्लेक्टर डिश (खालच्या भागाच्या तोंडावरची थाळी), नॅसेलच्या जाळ्या हे सगळं पारदर्शक प्लास्टिकमध्ये वेगळं दिलेलं आहे, म्हणजे दिवे लावावेत अशीच कंपनीची अपेक्षा दिसते.

तबकडीचे दोन भाग हाताने जुळवून आत टॉर्च लावून पाहिला, तर खिडक्या राहिल्या बाजूला, सगळं पांढरं प्लास्टिकच कंदिलासारखं उजळलं. तेव्हा पहिला प्रश्न क्रमाचा. आतून काळा रंग, मग वायरिंग, मग जोडणी, मग बाहेरचा रंग, असंच ना? आणि बाहेरचा रंग मारताना खिडक्यांचं काय करायचं?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो आहे. हलवरची, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगावरची, ती पॅनेलांची अ‍ॅझटेक नक्षी. नेटवर लोकांनी केलेली मॉडेल्स पाहते, तेव्हा बहुतेकांची तबकडी बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते, दोन करड्या छटा शेजारी शेजारी. पडद्यावर तसं दिसत नाही. तिथे जहाज जवळजवळ सरसकट पांढरं असतं आणि वळायला लागलं की अंगावरून नक्षी सरकत जाते. रंगांचं शिक्षण घेतलेलं असूनही हा परिणाम कशाने येतो ते मला कळत नाहीये.

तिसरा, तबकडीवरच्या नावावर आणि क्रमांकावर पडणारा उजेडाचा झोत. तो खरा दिवा लावून होईल का?

तयार लाइटिंग किट घ्यायचा नाही, स्वतः सोल्डर करायचं आहे. विजेचं ज्ञान दहावीच्या पुस्तकाइतकं. आणि हो, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, सध्या कपाटातल्या कागदालाही दमटपणा आहे.

---

रात्रपाळी

ताई, फार खोलात जाऊ नका. बाजारात १२ व्होल्टची एलईडी पट्टी मीटरवर मिळते, तीन-तीन दिव्यांवर कापता येते, मागे चिकट टेप असतोच. तबकडीत गोल फिरवा, खालच्या हलमध्ये एक तुकडा टाका, अ‍ॅडाप्टर जोडा, झालं. मी माझ्या एका जहाजाला तसंच केलंय आणि लांबून छान दिसतं.

नावावरचा झोत खऱ्या दिव्याने करू नका, तो रंगानेच करा. क्रमांकाभोवती हलक्या पांढऱ्याचा लंबगोल एअरब्रशने मारायचा, कडा विरवायच्या. तुमचा हात चित्रकाराचा आहे, तुम्हाला सहज जमेल. दिवे बंद असतानाही झोत पडल्यासारखा दिसतो, हा वरचा फायदा.

---

तपकीर गल्ली

ताई, क्रम तुम्ही लिहिलाय तोच बरोबर आहे. दिवे आधी, रंग नंतर. फक्त रंगाचा विचार दिव्यांच्याही आधी करायचा, कारण या जहाजात दोन्ही एकच गोष्ट आहे.

खोल अवकाशात जवळ सूर्य नाही. मग जहाज दिसणार कशाने? या चित्रपटाच्या वेळी इफेक्ट्स करणाऱ्या डग्लस ट्रम्बुलच्या चमूने त्याचं उत्तर दिलं की जहाज स्वतःच स्वतःला उजळवेल. मूळ मॉडेल साधारण आठ फुटी होतं. दंतवैद्य वापरतात तसले बारीक आरसे लावून त्यांनी झोत हलवर पाडले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे एका दमात टिपलेलं नाही. कॅमेरा मोटरवर चालायचा, तोच मार्ग पुन्हा पुन्हा अचूक कापायचा. एका फेरीत हलवरचा उजेड, दुसऱ्या फेरीत फक्त खिडक्या आणि दिवे, आणि मग दोन्ही एकत्र. म्हणजे खिडकीचा उजेड किती आणि अंगावरचा किती, हे त्यांना वेगवेगळं ठरवता येत होतं. आपल्याला टेबलावर ती सोय नाही. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी, एकाच डोळ्यासमोर असतात. आपलं प्रमाण रेझिस्टर ठरवतो.

म्हणून @रात्रपाळी, पट्टीला माझा विरोध आहे. तिच्यातला प्रत्येक दिवा १५-२० मिलीअँपिअर खातो. १/३५० मध्ये पावणेसहा फुटी माणूस ५ मिलीमीटरचा होतो. त्याच्या केबिनच्या खिडकीतून ट्यूबलाइटसारखा उजेड आला की जहाज खेळणं दिसायला लागतं, मग रंग कितीही सुंदर असो. उजेड कमी केला की जहाज मोठं होतं. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

ताई, तुम्ही जुना मोबाइल चार्जर घ्या, ५ व्होल्टचा. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. दहा एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर देऊ नका, प्रत्येकाचा व्होल्टेज थोडा वेगळा असतो आणि एक प्रखर, एक मंद असं होतं. हिशेब दहावीचाच आहे. पांढरा, निळा, जांभळा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास घेतो, लाल आणि अंबर (पिवळट नारिंगी) २ च्या आसपास. पांढऱ्यासाठी उरले २ व्होल्ट, भागिले ४ मिलीअँपिअर, म्हणजे ५०० ओहम. बाजारात ४७० मिळतो. लाल-अंबरसाठी ३ भागिले ४ मिलीअँपिअर, ७५० ओहम. असे ४० दिवे लावले तरी सगळे मिळून १६० मिलीअँपिअर. कुठलाही चार्जर हे पेलतो, आणि बंद हलमध्ये काहीही तापत नाही.

पण ४ हा आकडा सुरुवातीचा. खरा आकडा असा काढा. एक एलईडी, त्याच्यासोबत ४७० ओहम आणि १० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूने कमीजास्त होणारा रेझिस्टर), तिन्ही एकामागे एक. एलईडी तबकडीत बसवा, खोलीतला नेहमीचा दिवा चालू ठेवा (अंधारात ठरवू नका, अंधारात सगळंच छान दिसतं) आणि स्क्रू-ड्रायव्हरने प्रीसेट फिरवत जा. खिडकी नुसती उबदार दिसायला लागली, तिच्या कडेला प्रभा दिसेनाशी झाली की थांबा. प्रीसेट काढून मल्टिमीटरवर मोजा, त्यात ४७० मिळवा, त्याच्या जवळचा रेझिस्टर त्या गटातल्या सगळ्या दिव्यांना लावा. माझ्याकडे खिडक्यांचा आकडा नेहमी २ किलोओहमच्या वरच येतो. म्हणजे जेमतेम १ मिलीअँपिअर! आताचे एलईडी इतके कार्यक्षम आहेत की तेवढ्यातही भरपूर उजेड पडतो.

खिडक्यांना वॉर्म व्हाइट घ्या, झोतांना कूल व्हाइट. सगळ्या खिडक्या पेटवू नका. काही मागून काळ्या करून टाका. माणसं झोपतात की.

आतला भाग. पातळ काळे थर दोन, सांध्यांवर आणि कोपऱ्यांत तिसरा. मग त्यावर पांढरा, म्हणजे उजेड आत खेळतो आणि दिवे कमी लागतात. तबकडीची कड आणि नॅसेलचे सांधे इथून उजेड हमखास झिरपतो. तिथे एसीच्या डक्टला लावतात ती अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप आतून लावा. ती वीज वाहून नेते हे लक्षात ठेवून जवळच्या सोल्डरवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. जोडण्याआधी अंधाऱ्या खोलीत दिवे लावून पूर्ण फिरवून बघा. सुईच्या टोकाएवढं छिद्रही ताऱ्यासारखं दिसतं आणि बाहेरून रंगाने ते बुजत नाही, पुन्हा पुन्हा वर येतं.

वायर मोटर वायंडिंगची, एनॅमलची, ३४ किंवा ३६ गेजची. आमच्या पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वजनावर मिळते, साताऱ्यात मोटर रिवायंडिंगवाल्याकडे मिळेल. नॅसेलचे खांब पातळ असतात, त्यांतून प्लास्टिकच्या आवरणाची वायर नेताना दोन अर्ध्या बाजू नीट मिटत नाहीत. एनॅमलची सहज जाते. टोक ब्लेडने खरवडून मगच सोल्डर.

लुकलुकणारे दिवे. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, विमानासारखंच, आणि पांढरे स्ट्रोब वेगळे. दोन ५५५ आयसी (टायमरची चिप) घ्या, शक्यतो सीमॉस जातीचे, ५ व्होल्टवर ते जास्त सुखी असतात. स्ट्रोबसाठी पहिला रेझिस्टर १०० किलोओहम, दुसरा १० किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. नेहमीच्या जोडणीत आउटपुट बराच वेळ वर आणि थोडा वेळ खाली असतो. म्हणून एलईडी पॉझिटिव्ह आणि पिन ३ (आउटपुट) यांच्या मध्ये लावा, म्हणजे तो आउटपुट खाली असतानाच पेटेल: सुमारे ०.०७ सेकंद झगमग, मग पाऊण सेकंद अंधार. स्ट्रोबचा प्राण त्या ०.०७ मध्ये आहे. तो अर्धा सेकंद पेटला की रिक्षाचा इंडिकेटर वाटतो. याला मात्र करंट जास्त द्या, १५० ओहम लावून १२ मिलीअँपिअरच्या आसपास. इतक्या छोट्या झळकेला जोर लागतो. लाल-हिरव्यासाठी १० आणि ६८ किलोओहम, कपॅसिटर तोच, सेकंदाला साधारण एकदा. दोन्ही आयसींच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर प्रत्येक झळकेला खिडक्याही हलकेच मिटल्यासारख्या होतात.

नॅसेलच्या जाळ्या आणि डिफ्लेक्टर यांना दोन अवस्था आहेत. जहाज सावकाश चाललेलं असताना डिश अंबर, जाळ्या अंधाऱ्या. वॉर्पच्या, म्हणजे प्रकाशाहून वेगवान प्रवासाच्या, वेळी डिश निळी आणि जाळ्या जांभळट निळ्या. तीन पिनांचा साधा टॉगल स्विच घ्या; मधली पिन निगेटिव्हला, एका बाजूला अंबर गट, दुसऱ्या बाजूला निळा आणि जांभळा. जाळीत दिव्यांचे ठिपके दिसू नयेत म्हणून आत दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी ठेवा. दोन दिव्यांत जितकं अंतर, तितकंच अंतर दिव्यापासून पट्टीपर्यंत हवं.

आता झोत. रंगवलेल्या लंबगोलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो समोरून छान दिसतो, पण जहाज हातात फिरवलं की फसवणूक उघडी पडते, कारण उजेड पडल्यावर अक्षरं, पॅनेलच्या रेषा, मोतिया रंग यांच्यात जे होतं ते रंगात होत नाही. खरा झोत शक्य आहे. ०.५ मिलीमीटरचा ऑप्टिकल फायबर, ब्रिजच्या, म्हणजे तबकडीवरच्या नियंत्रणकक्षाच्या, घुमटाखालच्या उंचवट्याच्या कडेत तेवढंच भोक, बाहेरच्या दिशेने जवळजवळ आडवं. फायबर बाहेर काढायचा नाही, कडेशी सपाट कापायचा, नव्या ब्लेडने, एका दाबात. मग उजेड तबकडीला घासत जातो. भोकाजवळ अरुंद, पुढे पसरत, पहिल्या अक्षराच्या पायाशी सगळ्यात तेजस्वी आणि शेवटच्या आकड्यापर्यंत पोचता पोचता विरलेला. असे तीन-चार फायबर एकाच एलईडीच्या तोंडाशी बांधा. फायबर फेव्हीक्विकने चिकटवू नका, तो ठिसूळ होऊन तुटतो आणि वाफेने पारदर्शक भागांवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. दोन नळ्यांचं इपॉक्सी किंवा पाण्यावरचा पांढरा गोंद.

आडवा उजेड प्रत्येक खोट दाखवतो, अगदी धुळीचा कणसुद्धा. म्हणून जिथे झोत पडणार ती जागा २०००च्या पाणकागदाने घासून गुळगुळीत करायची, बाकी ठिकाणी चाललं असतं तरी इथे चालत नाही. रंगाबद्दल वेगळं लिहितो, हे फार लांबलं.

---

पोटोमॅककाठी

वाचायला मजा येते आहे. मी वॉशिंग्टनजवळ राहतो, त्यामुळे नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममधली जुनी एंटरप्राइज, म्हणजे मालिकेतलं मूळ ११ फुटी मॉडेल, बरेचदा पाहता आलं. ते १९७४ मध्ये स्मिथसोनियनला मिळालं आणि २०१६ मध्ये नव्याने जतन करून मुख्य दालनात मांडलं.

दिव्यांच्या बाबतीत त्याची हकिगत तुमच्या कामाची आहे. १९६४ मध्ये बनलं तेव्हा त्यात दिवेच नव्हते. ते नंतर बसवले आणि वायरी डाव्या बाजूने बाहेर काढल्या, म्हणून डावी बाजू अर्धवटच राहिली. चित्रीकरण उजवीकडूनच व्हायचं. म्युझियममध्ये डावीकडे गेलं की खिडक्या अचानक संपतात. आता आत एलईडी आहेत.

दुसरी गोष्ट तबकडीच्या वरच्या पृष्ठभागाची. जतन करणाऱ्यांनी बाकीचा रंग नव्याने मारला, पण तबकडीच्या वरचा भाग तसाच ठेवला, कारण तेवढाच मूळ रंग शिल्लक होता. त्यावरच्या रेषा पेन्सिलीच्या आहेत! काचेपाशी उभं राहून निरखून पाहिलं तरच दिसतात. शिसपेन्सिल ताई, तुमच्या नावाला शोभेल अशी माहिती म्हणून सांगितली, पण मुद्दाही आहे. ११ फुटांच्या मॉडेलवर ज्यांनी इतक्या नाजूक रेषा पुरेशा मानल्या, त्यांच्यापुढे ८७ सेंटिमीटरवर काळ्या वॉशने (पाण्यासारख्या पातळ रंगाने) पॅनेलच्या रेषा भरणं मला तरी पटत नाही.

---

शिसपेन्सिल

तपकीर गल्ली, किती मनापासून लिहिलंत. प्रीसेटची युक्ती लगेच कळली. वर्गात आम्ही छटांच्या पट्ट्या काढून घेतो, हे तसंच काहीसं. आकडे वहीत उतरवून घेतले.

रंगाची वाट पाहते आहे. आणि मास्किंगचं, म्हणजे रंग नको तिथे झाकण्याचं, काय? तयार मास्क परदेशातून मागवले तर किटइतकेच पैसे जातील. हाताने टेप कापायची तयारी आहे, पण चार-पाच हजार तुकडे एकसारखे कापणं माणसाचं काम वाटत नाही.

---

वेलांटी

कोल्हापुरात माझं रेडियमचं दुकान आहे, गाड्यांच्या नंबर प्लेट आणि स्टिकर. मॉडेलवाले दोन-तीन गिऱ्हाईक आहेत म्हणून सांगतो, तुमचं काम कुठल्याही रेडियमवाल्याच्या कटिंग प्लॉटरवर होईल. साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास चौकशी करा, नाहीतर फाइल मला पाठवा.

तबकडीची नक्षी गोल फिरत तीच तीच येते, त्यामुळे एकच पाकळी नीट काढा, बाकी मी फिरवून भरतो. व्हेक्टर फाइल हवी, फोटो चालत नाही. मापं मिलीमीटरमध्ये, मॉडेलवर मोजून घेतलेली. १ मिलीमीटरपेक्षा बारीक तुकडा ठेवू नका, ब्लेड वळताना तो उचलला जातो.

नेहमीचं रेडियम किंवा गाडीचं व्हिनाइल वापरू नका, त्याचा गोंद रंग ओढून काढतो. ओरामास्क म्हणून स्टेन्सिलची खास फिल्म येते, कमी चिकट. ती मिळाली नाही तर साधं व्हिनाइल आधी सुती कापडावर दोनदा चिकटवून काढा, मग मॉडेलवर. तबकडी सपाट नाही, उतरती आहे, म्हणून पूर्ण वर्तुळ एकत्र लावायला जाल तर सुरकुत्या पडतील. पाकळी पाकळीने लावा, मधून बाहेर बोट फिरवत. आणि फवारल्यावर त्याच दिवशी काढा. मास्क ठेवून गावाला जायचं नाही.

---

तपकीर गल्ली

वेलांटी यांनी माझं अर्धं काम केलं. आता रंग.

ताई, पडद्यावरची नक्षी सरकते कारण ती छटेची नाहीच, चकाकीची आहे. पॉल ओल्सेन यांनी ते आठ फुटी मॉडेल मोतिया लॅकरने रंगवलं. या रंगांत अभ्रकाचे कण असतात, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो थर किती जाड आहे त्यावर कुठला रंग परावर्तित होणार ते ठरतं. पांढऱ्यावर फवारला की समोरून जवळजवळ काहीच दिसत नाही, तिरकं पाहिलं की लाल, हिरवी, निळी, सोनेरी झाक येते. धूपछाव साडीचा पदर हलवला की रंग बदलतो, अगदी तेच. करड्या दोन छटा वापरल्या की नक्षी कुठूनही तितकीच दिसते, म्हणून तो बुद्धिबळाचा पट होतो. तुम्ही चूक ओळखलीत, फक्त कारण बाकी होतं.

आता कृती. काळ्या सरफेसरवर (अस्तराच्या रंगावर) पांढरा, मग थंडसर मोडका पांढरा लॅकर, एकसारखा, चकचकीत. बेस चकचकीत असणं सक्तीचं आहे. त्यावर मास्क. मोतिया पावडर रेझिन आर्टच्या सामानात मिळते, बहुतेक कला साहित्याच्या दुकानांत आहे. "इंटरफेरन्स" जात विचारून घ्या, ज्यात पावडर पांढरी दिसते आणि झाक रंगीत असते; नुसती रंगीत मोतिया नको. कण जितके बारीक तितकं चांगलं, मोठे कण १/३५० वर चमकीसारखे दिसतात. क्लिअर लॅकरमध्ये अगदी थोडी, बारीक जाळीतून गाळून, ०.३ मिलीमीटरच्या नोझलने १५ ते २० पीएसआयवर. एक हात मारून थांबा. समोरून नक्षी दिसायला लागली म्हणजे जास्त झालं. तिरक्या उजेडातच दिसली पाहिजे.

पहिल्या मास्कसाठी निळी झाक, दुसऱ्यासाठी सोनेरी, पॅनेलप्रमाणे हिरवी आणि लाल अधूनमधून. हल करताना माझा अनुभव असा, की दोन झाकांत काम भागतं, चार केल्या तर खोली येते. तुमच्या डोळ्याला चार झेपतील.

पावडर नाही मिळाली तर त्याच मास्कवर नुसता सॅटिन क्लिअर मारा, बाकी चकचकीत राहू द्या. रंग एकच, चकाकी दोन. खर्च जवळजवळ शून्य आणि परिणाम दोन करड्या छटांपेक्षा कितीतरी सरस.

डेकल (नाव-क्रमांकाच्या चिकटवायच्या पट्ट्या) लावल्यावर वरून मॅट क्लिअर मात्र मारू नका, मोतिया मरतो. हे घडलेलं आहे. १९८२च्या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी चित्रीकरणात मागे लावलेल्या निळ्या पडद्याचा रंग त्या चकचकीत अंगात उतरायला लागला, म्हणून इफेक्ट्स करणारी कंपनी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने त्याच मॉडेलवर चमक मारणारा फवारा मारला. त्यांच्यापुढे चित्रीकरणाची अडचण होती, आपल्यापुढे ती नाही. मला पहिल्या चित्रपटातलं अंग जास्त आवडतं आणि तेच करण्यासारखं आहे. वरून ग्लॉस, फारतर अर्धा सॅटिन मिसळलेला.

खिडक्या. पारदर्शक तुकडे आधी बसवू नका. भोकं उघडीच ठेवून रंग मारा, आत फोमचे तुकडे सैल कोंबा म्हणजे फवारा आतल्या पांढऱ्यावर जाणार नाही. रंग वाळला की, सुकल्यावर पारदर्शक होणारा पाण्यावरचा गोंद काडीने ओढून भरा. कॅनपी ग्लू म्हणून मिळतो. अर्थात तबकडीचे दोन भाग रंगाआधी चिकटणार असतील तर फोम अडकेल. अशा वेळी प्रत्येक खिडकीत द्रव मास्कचा थेंब टाका आणि शेवटी चिमट्याने उपटा. कंटाळवाणं आहे, पण कडा स्वच्छ येतात.

@पोटोमॅककाठी, पॅनेलच्या रेषांबद्दल पूर्ण सहमत. काळा वॉश नको. लावायचाच तर हलपेक्षा एकाच पायरीने गडद करडा, आणि झोताच्या पट्ट्यात तोही नको.

---

शिसपेन्सिल

चकाकीची नक्षी! आता सगळं जुळलं. कार्डशीटवर चकचकीत पांढरा मारून सॅटिनची चाचणी आजच केली, खिडकीपाशी तिरकं धरलं की दिसते आणि सरळ धरलं की जाते. मुलींना वर्गात दाखवणार आहे.

शेवटचं विचारते. पाऊस ओसरेपर्यंत लॅकरला हात लावू नये का? आणि ५५५चे बोर्ड तबकडीत बसवायचे की खालच्या हलमध्ये?

---

तपकीर गल्ली

लॅकर आता नकोच. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरट पडतो. पांढऱ्यावर ते कळणारही नाही, पण क्लिअर आणि मोतियावर लगेच दिसतं. रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) असलेलं थिनर, मिस्टर लेव्हलिंगसारखं, वापरलं तर बरंच सावरतं, तरी साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये मी मारणार नाही. दसऱ्यानंतर मारा. तोपर्यंत आतला काळा-पांढरा पाण्यावरच्या अ‍ॅक्रिलिकने ब्रशने करा, वायरिंग करा, अंधारातली तपासणी करा, वेलांटींसाठी पाकळी काढा. काम भरपूर आहे. लॅकर मारताना सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क लावा, एन-९५ फक्त कण अडवतो, थिनरची वाफ नाही.

बोर्ड जहाजात ठेवूच नका. कपॅसिटर कधीतरी जातोच आणि मग चिकटवलेली तबकडी फोडायची वेळ येते. ५५५, स्विच हे सगळं स्टँडच्या लाकडी बैठकीत. जहाजात फक्त एलईडी आणि त्यांचे रेझिस्टर. स्टँडची दांडी म्हणून ६ मिलीमीटरची पितळी नळी घ्या. पॉझिटिव्ह सगळ्यांना मिळून एक, निगेटिव्ह गटागटाचा वेगळा: खिडक्या, झोत, लाल-हिरवे, स्ट्रोब, अंबर, निळा, जांभळा. एकूण आठ वायरी, एनॅमलच्या, नळीत आरामात बसतात. नळीची दोन्ही तोंडं कानशीने गोल करून आत हीट श्रिंकचा तुकडा घाला, नाहीतर पितळेच्या धारेवर एनॅमल सोलतं. प्रत्येक वायरीच्या टोकाला आत्ताच चिठ्ठी लावा, सगळ्या वायरी एकाच तपकिरी रंगाच्या असतात.